पाण्याचा धागा तुटतो तेव्हा : दुष्काळात झाडे का वाळतात?

उन्हाळ्यात भरदुपारी कोमेजलेले रोप सायंकाळी पुन्हा टवटवीत होते. मात्र दीर्घ दुष्काळात वाळलेले झाड नंतर पाऊस पडूनही अनेकदा सावरत नाही. या फरकामागे वनस्पतींची जलवहन व्यवस्था आहे.

मुळांवरील केशमुळे परासरणाने जमिनीतील पाणी शोषतात. नायट्रेट, पोटॅशियम यांसारखे विरघळलेले क्षार आत घेण्यासाठी मात्र वनस्पतीला ऊर्जा खर्च करावी लागते. हे द्रावण जलवाहिन्यांतून पानांपर्यंत जाते. पानांत तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून मुळे, फळे व कोंबांकडे पोहोचवली जाते.

केवळ हवेच्या दाबाच्या आधारे पाणी सुमारे १० मीटरपेक्षा अधिक उंच खेचता येत नाही. कॅलिफोर्नियातील रेडवुड वृक्ष तर ११५ मीटरपर्यंत वाढतात. या कोड्याचे उत्तर डब्लिनचे शास्त्रज्ञ हेन्री डिक्सन आणि जॉन जॉली यांनी १८९४ मध्ये मांडले. पर्णरंध्रांतून बाष्प बाहेर पडताना पानांतील पाण्यावर ताण येतो. पाण्याचे रेणू परस्परांना घट्ट धरून असल्याने हा ताण अखंड धाग्याप्रमाणे मुळांपर्यंत पोहोचतो आणि पाणी वर ओढले जाते.

जिवंत पेशींच्या स्पंदनांमुळे रस वर चढतो, असे मत जगदीशचंद्र बोस यांनी १९२३ मध्ये ग्रंथरूपाने मांडले होते. परंतु जलवाहिन्या मृत पेशींच्या बनलेल्या असतात आणि खोडातील जिवंत पेशी विषाने मारल्या तरी पाणी चढत राहते, असे प्रयोगांत आढळले होते. त्यामुळे ताणाचा सिद्धांतच पुढे सर्वमान्य ठरला.

या व्यवस्थेचे बलस्थान हेच तिचे मर्मस्थानही आहे. सायंकाळी बाष्पोच्छ्वास मंदावला की मुळे दिवसाची तूट भरून काढतात. माती कोरडी पडत गेली की मात्र ताण वाढत जातो आणि जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरून धागा तुटतो. अशा बऱ्याच वाहिन्या निकामी झाल्या की शेंड्यापर्यंत पाणी पोहोचत नाही.

‘नेचर’ नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जगातील ८१ ठिकाणच्या २२६ वृक्षप्रजाती तपासण्यात आल्या. त्यांपैकी सुमारे ७० टक्के प्रजाती या धोक्याच्या मर्यादेच्या अगदी जवळ जगत असल्याचे दिसले. विशेष म्हणजे भरपूर पावसाच्या प्रदेशांतील वनेही त्यास अपवाद नव्हती. झाडांना पाणी किती मिळते, याइतकेच ते किती काळ खंडित राहते हेही म्हणूनच निर्णायक ठरते.