एका काडीवरचा फोन
(लहरी आणि आपण : लेखांक ९)

एप्रिल-मे २०२१. चंद्रपुरात खाटा संपल्या होत्या आणि नातेवाईक रुग्णाला गाडीत घालून तेलंगणाच्या वाटेला लागत होते. तिकडे गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्त्याचा हंगाम तोंडावर आला होता. नेमक्या त्याच दिवसांत हिंदीतली एक ध्वनिफीत या फोनवरून त्या फोनवर फिरत होती. माणसं कोरोनानं मरत नाहीत, 'फाइव्ह-जी'च्या चाचणीनं मरताहेत. घसा कोरडा पडतो, वस्तूला हात लावला की करंट बसतो, असं काहीबाही तिच्यात होतं. अखेर १० मे रोजी दूरसंचार विभागाला खुलासा काढावा लागला. चाचण्यांना परवानगीच ४ मे रोजी मिळाली होती, आणि देशात कुठंही त्या अजून सुरू झाल्या नव्हत्या.

खुलासे कोण वाचतो? पण या अफवेचं उत्तर गडचिरोलीतल्या भामरागड, एटापल्लीच्या बाजूला आयतंच पडलेलं होतं. तिथल्या कित्येक टोल्यांवर फाइव्ह-जी सोडा, साधा 'हॅलो'सुद्धा धड ऐकू जात नव्हता. कोरोना मात्र पोचला. २०२० मध्ये मिरची तोडायला तेलंगणात गेलेले मजूर टाळेबंदीत अडकले आणि मिळेल त्या वाटेनं, बरेचसे पायी, गावाकडं परतले. मुंबई-पुण्याहूनही माणसं आली. विषाणू माणसाच्या श्वासाबरोबर प्रवास करतो, त्याला टॉवर लागत नाही.

गेल्या आठवड्यात आपण लहरींच्या ऊर्जेचा हिशेब मांडला होता, तो इथं कामाला येतो. रेणूतला इलेक्ट्रॉन उखडायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. क्ष-किरणांकडे ती भरपूर असते. साडेतीन गिगाहर्ट्झच्या फाइव्ह-जी लहरीचा एक कण त्याच्या सुमारे सात लाखाव्या हिश्शाएवढी ऊर्जा आणतो. असे कण कितीही एकत्र आले तरी ते ऊब देतात, गुणसूत्र तोडत नाहीत. म्हणून मर्यादा ठरवताना मुख्य प्रश्न असतो तो शरीर किती तापतं याचा. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश मर्यादा लागू केली : ९०० मेगाहर्ट्झला दर चौरस मीटरमागे ०.४५ वॅट.

आता एक टॉवर घेऊ. अँटेनाला २० वॅट दिले आणि तिनं ते एका दिशेला पन्नासपट एकवटले, तर त्या दिशेला १००० वॅटचा दिवा लावल्यासारखं झालं. २०० मीटरवर ते पसरून चौरस मीटरमागे ०.००२ वॅट उरतात, म्हणजे मर्यादेच्या सव्वादोनशेव्या भागाहूनही थोडं कमी. एका टॉवरवर अशा पाच-दहा वाहिन्या असल्या तर तेवढ्यानं गुणा. मे महिन्यातल्या दुपारी चंद्रपूरचं ऊन चौरस मीटरमागे हजार वॅटच्या आसपास असतं. (या दोन लहरी अंगात सारख्या खोल शिरत नाहीत, म्हणून ही तुलना फार ताणू नये.)

खरी गंमत पुढं आहे. फोन ही नुसती ऐकणारी वस्तू नाही. तोही टॉवरला हाक मारतो. टॉवर जवळ असला तर कुजबुजतो, लांब असला तर ओरडतो. जुन्या टू-जी फोनचा आवाज काही मिलीवॅटपासून थेट २ वॅटपर्यंत चढतो. टॉवर काही किलोमीटरवर असतो, फोन मात्र कानाला चिकटलेला. त्यामुळं चंद्रपूरच्या गांधी चौकात उभं राहून बोलणाऱ्यापेक्षा, टेकडीवर चढून एका काडीची रेंज पकडणाऱ्या पोराच्या डोक्याला जास्त लहरी लागतात. टॉवर नको म्हणून आंदोलन करणाऱ्या शहरी सोसायट्यांना हे पटवणं अवघड जातं, पण गणित तसंच आहे. टॉवर कमी, तितका फोनचा आरडाओरडा जास्त.

टॉवर पेटवण्याची गोष्ट गडचिरोलीला नवी नाही. २०२०च्या एप्रिलमध्ये ब्रिटनमध्ये फाइव्ह-जीच्या भीतीनं डझनावारी टॉवर पेटवले गेले तेव्हा जगाला नवल वाटलं. इथं नक्षलवादी त्याच्या कितीतरी आधीपासून टॉवर जाळत होते. कारण वेगळं : गावातून पोलिसांना फोन जाऊ नये. राख मात्र सारखीच. पुढं २०१४ मध्ये केंद्र सरकारनं नक्षलग्रस्त भागांसाठी दोन हजारांवर टॉवरची योजना मंजूर केली, तीही टू-जीची. महामारी आली तेव्हा शाळा मोबाइलवर गेली आणि टू-जीवर शाळा भरत नाही.

लसीचंही तेच झालं. १८ ते ४४ वयाच्या लोकांची नोंदणी २८ एप्रिल २०२१ पासून कोविन संकेतस्थळावर सुरू झाली आणि सुरुवातीला ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय या वयाला लस मिळत नव्हती. शहरातली चलाख मंडळी खेड्यातल्या केंद्रांवरच्या वेळा घरबसल्या पटकावत होती. केंद्रावर जाऊन नाव नोंदवायची मुभा सरकारी केंद्रांपुरती २४ मे रोजी मिळाली. ३१ मे रोजी सर्वोच्च न्यायालयानंही सरकारला विचारलं, की इंटरनेट नसलेल्या खेडुतानं करायचं काय? लहरींनी या भागाच्या आरोग्याचं नुकसान केलं असेलच तर ते त्यांच्या गैरहजेरीनं केलं, असं माझं मत आहे. हिवतापाच्या या पट्ट्यात ताप आला की तो कोणता, हा पहिला प्रश्न. आशाताईकडं हिवतापाची झटपट चाचणी असते. पण पुढं डॉक्टरला विचारायला किंवा १०८ची गाडी बोलवायला आधी रेंजची जागा गाठावी लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बुडतो, मग फोन हाच पूल.

अफवेला मात्र रेंज लागत नाही, तिला आठवडी बाजार पुरतो. लस घेतली की माणूस मरतो, मूल होत नाही, हे आदिवासी पाड्यांवर तसंच पोचलं. शिकलेल्यांनी हसायचं कारण नाही. अभिनेत्री जुही चावला फाइव्ह-जीविरुद्ध थेट दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. ४ जून २०२१ रोजी दावा फेटाळून न्यायालयानं २० लाखांचा खर्च लादला, जो पुढं २ लाखांवर आला.

मग शंका सगळी खुळचटच का? तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या. पुरावा अपुरा, पण दार उघडं, एवढाच त्या गटाचा अर्थ. २०२४ मध्ये त्याच संघटनेनं करवून घेतलेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही. तरी रेंज एका काडीची असेल तेव्हा फोन कानाला लावून तासभर बोलू नये. स्पीकर लावावा, नाहीतर वायरचा इअरफोन. फोन डोक्यापासून हातभर लांब गेला की लागणाऱ्या लहरी कितीतरी पटींनी घटतात.

आणि घरासमोरच्या टॉवरबद्दल शंका असेलच, तर तो मोजून घेता येतो. 'तरंग संचार' संकेतस्थळावर अर्ज आणि शुल्क भरलं की दूरसंचार विभागाची माणसं यंत्र घेऊन दारात येतात. ते यंत्र कसं चालतं आणि त्यावरचा आकडा कसा वाचायचा, हे पुढच्या आठवड्यात.