धान्याचे कोठार आणि खारीचा बांध

अन्नाच्या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा गोदामापासून सुरू होते आणि शिधावाटप दुकानापाशी संपते. खरेदी किती झाली, साठा किती उरला, शिधापत्रिका किती, हा हिशेब महत्त्वाचा आहे, यात शंका नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येपर्यंत स्वस्त धान्याचा हक्क पोहोचविला. अग्रक्रमाच्या कुटुंबांना दरमहा माणशी ५ किलो धान्य मिळू लागले आणि १ जानेवारी २०२३ पासून तेही विनामूल्य झाले. भुकेविरुद्धच्या लढ्यातील ही मोठी पायरी होय. तथापि हे धान्य ज्या मातीत, ज्या पाण्यावर आणि ज्या हवामानात पिकते, त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला या हिशेबात रकाना नाही.

हा प्रश्न आता केवळ पर्यावरणवाद्यांचा राहिलेला नाही. २०२२ च्या मार्च महिन्यात उत्तर भारतात अवेळी उष्मा वाढला, गव्हाचा दाणा भरण्यापूर्वीच सुकला आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारला गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. पुढच्याच वर्षी, २० जुलै २०२३ रोजी, बासमतीखेरीज पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबविण्यात आली. देशाचे कोठार पंजाब-हरियाणात सुरक्षित आहे, या समजुतीवर आपली वितरणव्यवस्था उभी आहे. आणि त्या प्रदेशातील भूजल तर वर्षानुवर्षे खाली चालले आहे. एकाच कोठाराच्या भरवशावर सर्वांनी राहावे, हे शहाण्या गृहस्थाच्या घरीही चालत नाही. मग राज्याच्या अर्थव्यवस्थेत ते कसे चालावे?

बोळिंजचा धडा

या दृष्टीने वसई तालुक्यातील बोळिंजकडे पाहण्यासारखे आहे. विरार आणि आगाशी यांच्या दरम्यानचे हे गाव. उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस समुद्र, अशा कोंदणातील हा टापू. गोड्या पाण्याच्या विहिरी, त्यांवरील रहाट, केळीच्या व पानवेलींच्या वाड्या, फुले आणि भाजीपाला ही या टापूची जुनी ओळख. येथील राजेळी केळी आणि आगाशीची सुकेळी मुंबईच्या बाजारात नाव मिळवून होती. वाड्यांच्या पलीकडे पावसाळी भातशेती आणि तिच्याही पलीकडे, भरतीच्या पाण्याला बांध घालून राखलेली खारजमीन, अशी ही तीन पदरी शेती होती.

त्यावर चौथा पदर चढला तो शहराचा. उपनगरी रेल्वेच्या आधाराने वस्ती वाढली, २००९ साली वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली आणि बोळिंजमध्येच म्हाडाने सुमारे दहा हजार सदनिकांची वसाहत उभारली. त्या सदनिकांपैकी कित्येक दीर्घकाळ रिकाम्या पडून होत्या आणि त्याचे एक ठळक कारण पाण्याची टंचाई हे होते. घर आहे, छप्पर आहे, परंतु पाणी नाही, अशी ही स्थिती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवावा असा हा नमुना आहे. कारण जमिनीची किंमत बाजाराने ठरविली, पण पाण्याची किंमत कोणीच ठरविली नव्हती.

ती किंमत वाडीवाल्याने आधीच मोजली होती. नव्या वस्त्यांची तहान भागविण्यासाठी विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. टँकरमालकाला त्यात नफा होता आणि विहीरमालकालाही चार पैसे मिळत होते. परंतु किनाऱ्यालगतचे गोडे पाणी ही एका मालकाची ठेव नसते. एका विहिरीतून बेसुमार उपसा झाला की गोड्या पाण्याचा दाब कमी होतो, समुद्राचे खारे पाणी भूगर्भातून आत सरकते आणि शेजाऱ्याची केळ करपते. नफा एकाचा, तोटा सर्वांचा, हे याचे साधे सूत्र. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखालील हरित वसई संरक्षण समितीने पाण्याच्या उपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामाविरुद्ध आवाज उठविला, तेव्हा तिला विकासविरोधी ठरविणारेही निघाले. वास्तविक ती चळवळ ज्या पाण्यासाठी होती, तेच पाणी पुढे नव्या वसाहतींनाही हवे होते.

सूर्येचे पाणी

अखेर पाणी आले ते सूर्या नदीचे. सूर्या प्रादेशिक योजनेतून रोज ४०३ दशलक्ष लिटर पाणी आणावयाचे, त्यातील १८५ दशलक्ष लिटर वसई-विरारला आणि २१८ दशलक्ष लिटर मीरा-भाईंदरला द्यावयाचे, असे ठरले. वसई-विरारच्या नागरिकाला याचा आनंद व्हावा, हे स्वाभाविक आहे. परंतु धामणीचे धरण मूलतः डहाणू, पालघर व विक्रमगड या भागांतील शेतीच्या सिंचनासाठी कल्पिले होते, हे विसरून चालणार नाही. त्याच पालघर जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा हे कुपोषणाने ग्रासलेले तालुके आहेत. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२ सालच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. गर्भवती व स्तनदा मातांना चौरस आहार देणारी अमृत आहार योजना २०१५ साली आदिवासी भागांसाठी सुरू झाली, ती याच दुखण्यावरचा उपाय म्हणून. एका हाताने आहार द्यावयाचा आणि दुसऱ्या हाताने पीक देणारे पाणी शहराकडे वळवावयाचे, ही विसंगती एकाच शासनाच्या दोन खात्यांत नांदत असते. दोघांचेही हेतू चांगले असतात. फक्त दोघांची गाठ पडत नाही.

खारजमिनीचे दुखणे याहून वेगळे नाही. भरतीचे पाणी रोखणारा मातीचा बांध आणि आतले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी बाहेर सोडणारी उघाडी, यांवर ही शेती तगून असते. पहिल्या पावसाने जमिनीतील क्षार धुऊन निघतात आणि मग भात उभे राहते. बांधाला एक खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन पुन्हा लागवडीस येण्यास काही पावसाळे जावे लागतात. म्हणूनच ही कामे एकट्यादुकट्याची कधीच नव्हती; बांध साऱ्या गावाचा असे. पुढे १९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि १९७९ च्या महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियमाने शासनाने ही जबाबदारी आपल्याकडे घेतली. बांध सरकारचा झाला आणि गावाची सवय मोडली. पण सरकारी निधी गावाच्या सवयीइतका नियमित मात्र नव्हता.

समुद्राची पातळी वाढत असताना आणि वादळे तीव्र होत असताना या बांधांचे मोल वाढले आहे. ३ जून २०२० च्या ‘निसर्ग’ वादळाने रायगडच्या नारळी-पोफळी उन्मळून पाडल्या. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने कोकण किनाऱ्याला झोडपले. उपाय अज्ञात आहेत असेही नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२ आणि पनवेल-३ या क्षार सोसणाऱ्या भाताच्या जाती दिल्या. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा जोर मोडतात, हेही सर्वज्ञात आहे. परंतु फुटका बांध वेळीच दुरुस्त झाला नाही की तीच तिवरे आतल्या शेतात उगवतात आणि संरक्षणाच्या नियमांमुळे शेतकऱ्याला ती तोडता येत नाहीत. तिवरे राखली पाहिजेत, हे खरेच. पण त्यासाठी बांध आधी राखला पाहिजे. उपाय आहेत, त्यांना जोडणारा धागा नाही.

महाराष्ट्राचाच दाखला

हा धागा शोधण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. वि. स. पागे यांच्या प्रेरणेने १९६५ साली तासगाव तालुक्यातील विसापूर येथे रोजगार हमीचा प्रयोग झाला, १९७२ च्या भीषण दुष्काळात तो राज्यभर पसरला आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. उपाशी माणसाला धान्य व मजुरी द्यावयाची आणि त्याच्याच हातून पाझर तलाव, नालाबांध, मृद्संधारण ही कामे करून घ्यावयाची, म्हणजे आजच्या भुकेवरील खर्चातून उद्याच्या दुष्काळाची तरतूद करावयाची, ही त्यामागची दृष्टी होती. १९९० साली फळबाग लागवड या योजनेस जोडली गेली आणि पडीक माळावर आंबा-काजू उभे राहिले. या योजनेसाठी १९७५ पासून राज्याने व्यवसाय कर बसविला. शिक्षक, कारकून, नोकरदार यांच्या पगारातून तो कापला जात आला. शहरातल्या पगारदाराने गावाच्या बांधासाठी वर्गणी द्यावी, हे तत्त्व महाराष्ट्राने जगाच्या कितीतरी आधी स्वीकारले होते, याचा आपल्याला विसर पडला आहे.

म्हणून मागणी नव्या घोषणेची नाही. अन्नसुरक्षेवर होणाऱ्या खर्चाचा एक निश्चित हिस्सा अन्न पिकविणाऱ्या साधनांच्या रक्षणासाठी राखून ठेवावा, खारीचे बांध व उघाड्या दरवर्षी पावसाळ्यापूर्वी रोजगार हमीच्या कामांतून दुरुस्त व्हाव्यात आणि त्यांची देखरेख ग्रामसभेकडे परत सोपवावी. शहराने धरणाचे पाणी घेतले तर त्याची किंमत पाणीपट्टीतून मोजावी आणि तिचा वाटा मूळ लाभक्षेत्रातील शेतकऱ्यांना मिळावा. जव्हार-मोखाड्याच्या नाचणी-वरईला शिधावाटपात आणि अंगणवाडीच्या आहारात हक्काचे स्थान द्यावे; कमी पाण्यावर येणाऱ्या या पिकांना खात्रीचे गिऱ्हाईक मिळाले तरच ती टिकतील.

यावर आक्षेप घेतला जाईल की शहरांनाही पाणी आणि घरे हवीत आणि एका तालुक्याच्या भाताने देशाचे पोट भरत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. बोळिंजच्या सदनिकेत राहणारा कारकून वाडीवाल्याचा शत्रू नव्हे. पाणी आटले तर दोघांच्याही नळाला आणि ताटाला तीच झळ लागणार आहे. आणि देशाचे पोट अशाच लहान लहान तुकड्यांच्या बेरजेने भरते, हे गणित कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. गोदामातले धान्य एका वर्षाची भूक भागवील. पुढल्या वर्षाची भाकर बांधावर, विहिरीत आणि बियाण्यात आहे. तिच्यासाठी अंदाजपत्रकात रकाना काढावयाचा की नाही, एवढाच प्रश्न आता उरला आहे.