नदीची हद्द कोण राखणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

महापूर ओसरला की कृष्णाकाठी आणि पंचगंगाकाठी पहिला प्रश्न विचारला जातो तो हा, की पाणी सोडले कोणी? २००५ साली हा प्रश्न विचारला गेला, २०१९ साली विचारला गेला आणि २०२१ सालीही. तो चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. ज्याच्या माजघरात छातीएवढे पाणी आले, त्याला जाब विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. पण त्याच्या जोडीला दुसराही प्रश्न विचारायला हवा, आणि तो आपण फारसा विचारत नाही. पाणी जिथे आले, तिथे आपण कसे गेलो? तिथे घर बांधायला कागद कोणी दिला आणि तो देताना कोण कोणाशी बोलले?

आधी आकडे पाहू. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. २००५ साली तिथे पाणी ५३ फुटांच्या वर गेले आणि २०१९ साली ५७ फुटांच्या वर. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी ४३ फुटांची. तिथे २०१९ साली पाणी ५५ फुटांच्या वर होते आणि दोनच वर्षांनी, २०२१ साली, ५६ फुटांच्याही वर. म्हणजे ‘असा पूर आता पुन्हा आपल्या हयातीत नाही’ हे वाक्य आपण दोनदा म्हटले आणि दोन्ही वेळा ते खोटे ठरले.

नदीला पात्रे दोन असतात, हे आपण विसरतो. एक रोजचे पात्र, जे आपल्याला दिसते. दुसरे पावसाळ्यातले, जे नदी काही वर्षांनी एकदा वापरते. या दुसऱ्या पात्रालाच पूरमैदान म्हणतात. काठची मळीची जमीन, जिच्यात ऊस माणसाच्या दुप्पट उंच होतो, ती पुरानेच आणून टाकलेल्या गाळाची आहे. तेव्हा पूर हा या जमिनीवर आलेला पाहुणा नव्हे, तो तिचा मूळ मालक आहे.

आपल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होते. गावाच्या जमिनीचे त्यांनी काळी आणि पांढरी असे दोन भाग केले. काळी पिकवायची आणि पांढरीवर राहायचे. पांढरी बहुधा उंचवट्यावर असे. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर तर अगदी नदीकाठी आहे, पण ते पुराला विरोध करत नाही. पाणी चढले की उत्सवमूर्ती वर हलवतात. पाणी पादुकांवरून वाहून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, त्याला आपण दक्षिणद्वार सोहळा म्हणतो आणि त्यात स्नानाला गर्दी करतो. पाणी आत येणार आणि बाहेर जाणार हे गृहीत धरूनच तिथला सगळा व्यवहार बसवलेला आहे. पूरमैदानाचे व्यवस्थापन म्हणजे मुळात एवढेच. पाण्याला वाट ठेवायची आणि त्या वाटेवर जे बुडून चालेल तेवढेच ठेवायचे.

आता धरणांकडे वळू. सांगलीजवळ हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. या टापूत नदीचा उतार अगदी कमी. पंचगंगा तुडुंब असेल तर कृष्णेचे पाणी पुढे सरकत नाही, वारणा भरून आली तर सांगलीपाशी फुगवटा धरतो. म्हणजे सांगलीतली पातळी ही एका नदीची पातळी नाही, तीन नद्यांच्या भांडणाचा तो निकाल असतो.

कोयनेची साठवण सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. ११,५७४ क्युसेक विसर्ग सलग २४ तास चालू ठेवला, तर एक टीएमसी पाणी बाहेर जाते. या गणितावरून एक गोष्ट ध्यानात येते. धरण भरत आले असताना धो धो पाऊस सुरू झाला, की दोन दिवसांत जागा मोकळी करून देणे कोणत्याही अभियंत्याच्या हातात राहत नाही. जागा करायची तर आठवडाभर आधी करायला हवी आणि त्यासाठी हवामानशास्त्रज्ञाच्या अंदाजावर त्याचा विश्वास हवा. पुढे पाऊस आलाच नाही, तर उन्हाळ्यात कमी पडलेल्या पाण्याचा जाबही त्यालाच द्यावा लागतो. राधानगरीला तर सात स्वयंचलित दरवाजे आहेत. ठरलेल्या पातळीला पाणी पोचले की ते आपोआप उघडतात, कोणाला विचारत नाहीत. शिवाय धरणांच्या खाली जो पाऊस पडतो, त्या मुक्त पाणलोटातले पाणी अडवायला तर कोणतेच धरण नाही. ते सरळ नदीत येते.

अलमट्टीबद्दल बोलल्याशिवाय हा विषय आपल्याकडे पुढे जात नाही. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या, नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०२० साली अहवाल दिला. त्या पुराला अलमट्टीचा फुगवटा कारणीभूत नाही असे समितीने म्हटले, आणि अतिवृष्टी व पूरक्षेत्रातली अतिक्रमणे यांच्याकडे बोट दाखवले. काठावरच्या अनेकांना हे पटलेले नाही आणि धरणाची उंची वाढवण्याला त्यांचा विरोध आहे. तो वाद दोन राज्यांनी आकडे समोरासमोर ठेवून सोडवावा. पण तो कसाही सुटला तरी निळ्या रेषेच्या आतले घर रेषेच्या बाहेर जाणार नाही.

ही निळी रेषा म्हणजे काय? सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोचते, ती ढोबळमानाने निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. राज्याच्या पाटबंधारे खात्याने १९८९ साली परिपत्रक काढून ही पद्धत घालून दिली. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा निषिद्ध, तिथे शेती, बागा, मैदाने एवढेच. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित, तिथे अटी पाळून बांधकाम. त्याच्याही आधी, १९७५ साली, केंद्राने पूरमैदानाच्या नियमनासाठी कायद्याचा नमुना सर्व राज्यांना पाठवला होता. मणिपूर, राजस्थान, उत्तराखंड आणि तेव्हाचे जम्मू-काश्मीर अशा मोजक्या राज्यांनीच त्यावरून कायदे केले. आपण परिपत्रकावर भागवले.

‘२५ वर्षांतून एकदा’ या शब्दांनी फार घोटाळा केला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, पूर येऊन गेला, आता २५ वर्षे निर्धास्त. तसे नाही. त्याचा अर्थ, दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता. एखाद्याने २० वर्षांचे गृहकर्ज काढून निळ्या रेषेवर घर घेतले, तर कर्ज फिटायच्या आत घरात पूर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, शंभरात ५५ च्या आसपास आहे. ३० वर्षांचे कर्ज असेल तर ती ७० पर्यंत जाते. लाल रेषेवरच्या घरालासुद्धा ३० वर्षांत शंभरात २६. हा हिशेब कर्जाच्या अर्जावर छापला, तर किती सह्या होतील?

तरीही घरे झाली. कशी झाली? गावाबाहेरची खोलगट शेतजमीन स्वस्त होती. तिचे गुंठे पाडले गेले, स्टॅम्पपेपरवर ते विकले गेले. घेणारी माणसे कोण? हमाल, यंत्रमाग कामगार, भाजीवाल्या, नुकते नोकरीला लागलेले शिपाई. पुढे २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, रस्ते आले, दिवे आले. सांगलीत सूर्यवंशी प्लॉट, काकानगर, दत्तनगर इथे पाणी आधी शिरते, हे शहरात सगळ्यांना पाठ आहे. ज्याला परवडले त्याने भराव टाकून जोते उंच केले. त्याचे घर वाचले, पण भरावाने हटवलेले पाणी शेजाऱ्याच्या घरात गेले. ओढे, नाले, ओत बुजले. रस्त्यांचे आणि महामार्गांचे भराव नदीला आडवे पडले. शिरोलीजवळ महामार्ग २०१९ साली अनेक दिवस बंद होता, ही आठवण ताजी आहे.

यातल्या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी जाणकार माणूस हजर होता, हे मला महत्त्वाचे वाटते. रेषा आखणारा जलसंपदा खात्याचा अभियंता, विकास आराखडा करणारा नगररचनाकार, बिनशेतीचा आदेश देणारा महसूल अधिकारी, खरेदीखत नोंदवणारा दुय्यम निबंधक, जागेचे मूल्यांकन करणारा बँकेचा माणूस, नकाशा काढणारा वास्तुविशारद. प्रत्येकाने आपले काम नियमाप्रमाणे केले असेलही. पण एकाची माहिती दुसऱ्याच्या टेबलावर पोचली नाही.

एका पुरानंतर एका गावी अशीच बैठक होती. दोन कार्यालयांनी आपापले नकाशे आणले होते. दोन्हींवर निळी रेषा होती, पण त्यांच्यात एका गल्लीचा फरक होता. एवढा फरक कसा? १:१०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर जाडीची रेघ ओढली, की जमिनीवर ती दहा मीटर रुंद होते. रेघ एका नकाशावरून दुसऱ्यावर उतरवताना थोडी सरकली, की आठ-दहा घरे आतून बाहेर किंवा बाहेरून आत जातात. मागे बसलेल्या एक आजी उठल्या आणि म्हणाल्या, “सायेब, माझं घर रेघंच्या आत हाय का भायेर, तेवढं सांगा.” त्या दिवशी कोणालाही सांगता आले नाही.

दुसऱ्या दिवशी अभियंता, भूमापक आणि नगररचना खात्याचा माणूस असे तिघे मिळून त्या गल्लीत गेले. त्यांनी भिंतींवरच्या पुराच्या खुणा पाहिल्या, घरोघरी पाणी कुठवर आले ते विचारले, लेव्हल लावून उंची मोजली आणि ती गट नंबरांच्या नकाशावर बसवली. काम चार दिवसांचे होते. आजींचे घर रेषेच्या आत निघाले. उत्तर कडू होते, पण ते खरे होते आणि त्याच्या आधारे त्यांना पर्यायी जागा मागता येत होती. पुरानंतरचे सहकार्य म्हणतात ते माझ्या लेखी हेच. व्यासपीठावर एकत्र बसून हार स्वीकारणे हे नव्हे, एका गल्लीत एकत्र उभे राहून एक रेघ नक्की करणे.

जगातही हे असेच घडले आहे. १९९५ साली नेदरलँड्समध्ये नद्या फुगल्या आणि सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. बांध आणखी उंच करण्याऐवजी त्यांनी नदीला जागा परत देण्याचा कार्यक्रम हाती घेतला. नायमेखन शहरापाशी बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला आणि नदीला जादा पात्र खोदून दिले. त्यासाठी घरे हलवावी लागली, वाद झाले, वर्षे गेली. पण अभियंते, नगररचनाकार, पर्यावरणाचे जाणकार आणि रहिवासी एका टेबलाशी बसले. तो देश श्रीमंत आहे, आपल्याला ते कसे जमणार, असे कोणी म्हणेल. पैसा लागतोच. पण माहितीची देवाणघेवाण करायला श्रीमंती लागत नाही.

माणसे हलवणे मात्र कुठेच सोपे नाही. कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या लोकांना पूर्वीच्या एका महापुरानंतर सोनतळीला भूखंड मिळाले, तरी जुने गावठाण सुटले नाही. शेत इथे, गोठा इथे, देव इथे, मग माणूस जाणार कसा? २०१९ साली कितीतरी लोक थांबले ते जनावरांसाठी, आणि २००५ च्या खुणेच्या भरवशावर. ‘तेव्हा इथवर आले होते, त्याच्या वर येणार नाही.’ पाणी त्याच्या वर आले. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे गेली. म्हणून स्थलांतराच्या आराखड्यात पशुवैद्य पहिल्या ओळीत हवा, असे माझे मत आहे. जनावरांची सोय आधी केली तर माणसे वेळेत निघतात.

मग करायचे काय? पहिले, निळी आणि लाल रेषा कागदावरून जमिनीवर आणावी. चौकात, विजेच्या खांबांवर, शाळेच्या भिंतीवर ती रंगवावी. दुसरे, रेषेच्या आतल्या प्रत्येक गटाची नोंद खरेदीच्या वेळी घेणाऱ्याच्या डोळ्यांसमोर यावी. तिसरे, आयर्विनला अमुक फूट झाले की कोणत्या गल्लीत पाणी, याची यादी घरोघरी असावी. क्युसेकचा आकडा सामान्य माणसाच्या उपयोगाचा नसतो, त्याला आपला उंबरा कळतो. चौथे, पावसाळ्यापूर्वी दरवर्षी धरणाचे, हवामानाचे, महसुलाचे, नगररचनेचे, रस्त्यांचे आणि पशुसंवर्धनाचे लोक एकाच नकाशावर बसावेत, पलीकडच्या राज्यातले अभियंतेही त्यात असावेत. पाचवे, जे गरीब आज रेषेच्या आत आहेत त्यांना आधी जागा द्यावी आणि मगच रेषा दाखवावी. नाहीतर रेषेचा कायदा म्हणजे फक्त दुबळ्याच्या घरावर चालणारा जेसीबी ठरेल आणि रेषेतली मंगल कार्यालये तशीच उभी राहतील.

आणि एक काम आपल्या प्रत्येकाच्या हातातले आहे. पुढच्या वेळी प्लॉट बघायला जाल तेव्हा दराच्या आधी, रस्त्याच्या रुंदीच्या आधी, शेजारच्या जुन्या माणसाला विचारा, ‘२०१९ ला इथे पाणी कुठवर होते?’ तो हात वर करून भिंतीवर जागा दाखवेल. ती आपल्या डोक्याच्या वर असेल, तर विसार तिथेच थांबवा.