माशांचा घास : लेखांक ६
वाकड्या तोंडाचे खवलेखाऊ

मासा साफ करताना खवले खरवडून आपण फेकून देतो. टांगानिका सरोवरातला पेरिसोडस मायक्रोलेपिस हा वीतभरही नसलेला मासा मात्र जगतो तो त्या खवल्यांवरच, आणि तेही जिवंत माशाच्या अंगावरून ओरबाडलेल्या.

टांझानिया, काँगो, बुरुंडी आणि झांबिया यांच्यामध्ये पसरलेलं हे सरोवर जवळपास दीड किलोमीटर खोल आहे. तिथे सिक्लिड कुळातल्या दोनशेच्या वर जाती नांदतात. (आपली चिलापी आणि कोकण-गोव्यातलं कालुंदर याच कुळातले.) कोणी दगडावरचं शेवाळ खरवडतं, कोणी गोगलगायी फोडतं, कोणी दुसऱ्यांची पिल्लं गिळतं. एवढ्या गर्दीत खवल्यांकडेही कोणाची तरी नजर जाणारच. खवल्यांत प्रथिनं असतात, वर पौष्टिक चिकटा असतो. शिवाय ते पुन्हा उगवतात, म्हणजे भक्ष्य मरत नाही.

अडचण एकच. मागून पोहत येऊन दुसऱ्याच्या कुशीचा चावा घ्यायचा, तर सरळ तोंड उपयोगाचं नाही. म्हणून पेरिसोडसचं तोंड एका बाजूला वळलेलं असतं. उजवीकडे वळलेलं असेल तर तो भक्ष्याच्या डाव्या कुशीवर झडप घालतो, डावीकडे वळलेलं असेल तर उजव्या.

मग सगळ्यांचीच तोंडं एका बाजूला का नाहीत? जपानी संशोधक मिचिओ होरी यांनी अनेक वर्षांची मोजदाद करून 1993 साली ‘सायन्स’मध्ये याचं उत्तर मांडलं. दोन्ही प्रकार साधारण निम्मे-निम्मे राहतात. एक थोडा वाढला की काही काळाने दुसरा वर येतो. कारण भक्ष्यही सावध असतं. डाव्या कुशीवर जास्त हल्ले होऊ लागले की ते डावीकडे डोळा ठेवतं आणि उजवीकडून येणाऱ्याचं फावतं. गोलंदाजांना उजव्या फलंदाजांची सवय असते, तिथे डावखुऱ्याचं जमतं, तसंच. संख्येने कमी असणं हाच इथे फायदा, आणि तो फायदा उचलून संख्या वाढली की तो संपतो.

तोंडाची बाजू एकाच जनुकाच्या दोन रूपांवरून ठरते, असंही होरी यांनी सुचवलं होतं. मेंडेलच्या वाटाण्यांसारखा हा सुटसुटीत हिशेब लोकांना फार आवडला. मला वाटतं, जरा जास्तच आवडला. पुढे मोजमापं बारकाईने घेतली, तेव्हा डावे आणि उजवे असे दोन स्वच्छ गट सर्वत्र सापडले नाहीत. किंचित वाकडे, जवळजवळ सरळ, असेही पुष्कळ निघाले. प्रयोगशाळेत वाढवलेल्या माशांवरून दिसलं की वाकडेपणाचा काही भाग वारशाने येतो, पण एकाच बाजूने खात राहिलं की तो वाढतोही. कोवळी पिल्लं आधी दोन्ही बाजूंनी चावे घेऊन पाहतात. ज्या बाजूने जास्त खवले हाती लागतात, ती हळूहळू त्यांच्या अंगवळणी पडते.

म्हणजे जनुकं जबड्याला जरासा कल देतात, उरलेलं काम भूक आणि सराव करतात. होरींचा निम्म्या-निम्म्याचा युक्तिवाद यामुळे कोसळत नाही. वारशाचा अंश थोडा असला, तरी निवडीला पकड मिळायला तेवढा पुरतो. फक्त डावा-उजवा समतोल पिढ्यांमधून नेमका कसा टिकतो, हे सांगणं आता एका जनुकावर भागत नाही.

पुढच्या आठवड्यात मेक्सिकोतल्या अंधाऱ्या गुहांमध्ये जाऊ. तिथल्या आंधळ्या माशांपैकी काहींची भूक एका जनुकातल्या बदलामुळे भागतच नाही.