मराठ्यांचा खंदक आणि इंग्रजी वाक्प्रचार

कोलकात्याच्या उत्तर भागात, हुगळीच्या काठी बागबाजार ही जुनी वस्ती आहे. रसगुल्ल्याशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते नवीनचंद्र दास इथलेच. या वस्तीतील एका गल्लीचे नाव मात्र मराठी माणसाला थबकायला लावते. ते नाव आहे ‘मराठा डिच लेन’, म्हणजे मराठ्यांच्या खंदकाची गल्ली. प्रत्यक्षात हा खंदक मराठ्यांनी खणलेला नाही. त्यांच्या भीतीने इतरांनी खणलेला आहे. शब्दांचे अर्थ ठाऊक असूनही शब्दसमूहाचा अर्थ हुकतो तो असा. इंग्रजी वाक्प्रचारांच्या बाबतीत हा अनुभव आपल्याला पदोपदी येतो.

१७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसले यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर यांचे स्वार बंगालमध्ये शिरले. घाबरलेल्या कलकत्तेकरांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे शहराभोवती खंदक खणण्याची परवानगी मागितली. बँकेच्या वाचकांना यातील आर्थिक भाग रोचक वाटेल. खर्च रहिवाशांनी करावयाचा होता आणि त्यासाठी कंपनीच्या कौन्सिलने १७४३ मध्ये प्रतिष्ठित व्यापाऱ्यांच्या जामिनावर २५,००० रुपये कर्जाऊ दिले. बेत सुमारे सात मैलांचा होता. सहा महिन्यांत तीन मैल काम झाले, मराठे काही कलकत्त्यापर्यंत आले नाहीत, लोकांचा उत्साह ओसरला आणि काम थांबले. पुढे १७५६ मध्ये शहरावर चालून आला तो सिराजउद्दौला. बागबाजारच्या बाजूने त्याचा पहिला हल्ला परतवला गेला. मग त्याचे सैन्य दुसरीकडून आत शिरले. १७९९ मध्ये खंदकाचा बराच भाग बुजवून त्यावर सर्क्युलर रोड बांधण्यात आला.

खंदक बुजला, शब्द उरला. कलकत्त्यातील युरोपियनांना इतर प्रांतांतले इंग्रज थट्टेने ‘डिचर’ म्हणू लागले. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६ च्या कोशात ही नोंद आहे. शब्दशः अर्थ घेतला तर डिचर म्हणजे खंदक खणणारा मजूर. प्रत्यक्षात तो आरामखुर्चीत बसून ‘कोई है?’ अशी हाक मारणारा साहेब असे. त्या हाकेवरूनच बंगालच्या साहेबांना ‘क्वाय-हाय’ असे दुसरे नाव पडले. मुंबईच्या साहेबांना ‘डक’ म्हणत. त्याचा बदकाशी संबंध नाही; ते ‘बॉम्बे डक’ म्हणजे आपल्या बोंबलावरून आलेले दिसते.

बंगाली भाषेने याच घटनांची आठवण वेगळ्या शब्दात जपली. मराठी लष्करात सरकारी घोड्यावर चाकरी करणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा बाळगणारा तो शिलेदार. या ‘बारगीर’चा बंगालीत ‘बोर्गी’ झाला आणि अंगाईगीतात जाऊन बसला. त्या गीतात बोर्गींच्या भीतीबरोबर शेतसारा कसा भरायचा ही चिंताही आहे. महाराष्ट्रात जो शब्द केवळ लष्करी दर्जा सांगतो, तोच बंगालमध्ये पिढ्यान् पिढ्या लहान मुलांना भीती दाखवीत राहिला. मराठी वाचकाला हे ऐकायला सुखद नाही. पण शब्दाचा अर्थ ज्याने तो सोसला त्याच्याकडूनही समजून घ्यावा लागतो.

इंग्रजीतील ‘डिच’चे इतर वाक्प्रचार मात्र बागबाजारच्या खात्यावर जमा करता येणार नाहीत. ‘लास्ट डिच’ म्हणजे शेवटच्या खंदकापर्यंतची झुंज. तिचा संबंध १६७२ मध्ये फ्रान्सशी लढणाऱ्या ऑरेंजच्या विल्यमशी जोडला जातो. ‘टू डिच’ म्हणजे ऐनवेळी साथ सोडणे. ‘त्याने मला डिच केलं’ हे तरुणांच्या बोलण्यात इतके रुळले आहे, की त्यात खंदक आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

काही वाक्प्रचार आपण भाषांतर करून घेतले आणि ते मुरले. ‘हिरवा कंदील दाखवणे’, ‘हिमनगाचे टोक’, ‘लाल फितीचा कारभार’ ही त्याची उदाहरणे. यातील शेवटच्याची खरे तर गरज नव्हती. ‘दप्तरदिरंगाई’ हा नेमका शब्द मराठीत होताच. ‘पांढरा हत्ती’ची कथा अधिक गमतीची आहे. दारी हत्ती झुलणे हे मराठीत वैभवाचे लक्षण. इंग्रजीतून आलेला पांढरा हत्ती मात्र पोसता न येणारे लोढणे ठरला. आता दोन्ही हत्ती मराठीत सुखाने नांदतात.

‘ॲसिड टेस्ट’ला मात्र भाषांतराची आवश्यकताच नाही. सोन्यावर आम्ल टाकून त्याचा खरेपणा पाहण्याच्या रीतीवरून तो वाक्प्रचार आला, तर मराठीत सोने कसोटीच्या दगडावर घासतात. ‘टेस्ट’ हा शब्दसुद्धा मुळात धातू शुद्ध करण्याच्या भांड्याचा. म्हणून क्रिकेटच्या टेस्टला ‘कसोटी सामना’ म्हणणारा मोठा जाणकार असला पाहिजे.

व्यवहारात सर्वाधिक घोटाळा होतो तो एकाच वाक्प्रचाराचे दोन देशांत दोन अर्थ असतात तेव्हा. ब्रिटिश सभेत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे चर्चेला घेणे. अमेरिकेत त्याचाच अर्थ पुढे ढकलणे. दुसऱ्या महायुद्धात या एका शब्दावरून ब्रिटिश व अमेरिकन अधिकाऱ्यांत बराच वेळ वाद झाला आणि अखेर उभयतांना एकच गोष्ट हवी असल्याचे आढळले, असे चर्चिल यांनी आपल्या युद्धस्मृतींत नमूद केले आहे. परदेशी पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांनी अशा ठिकाणी वाक्प्रचार टाळून साधे वाक्य लिहिलेले बरे.

बँकेच्या काउंटरवरून भाषेत गेलेले शब्दही आहेत. खात्यात खडखडाट झाला की इंग्रज ‘इन द रेड’ म्हणतो, कारण तुटीचा आकडा लाल शाईने लिहिण्याची पद्धत होती. ‘ब्लँक चेक’ देणे म्हणजे एखाद्याला हवे ते करण्याची मोकळीक देणे. मराठीतही नेत्याला, दिग्दर्शकाला, क्वचित जावयाला कोरा धनादेश दिला जातो. तो वाक्प्रचारापुरताच द्यावा. सही केलेला खरा कोरा धनादेश कोणाच्याही हाती ठेवू नये, अशी विनंती बँक ग्राहकांना आजही करते.