मान धरली की कुठे दाबायचं आणि कुठे थांबायचं

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावातही मानेचं दुखणं आता डोक्यावरच्या मोळीपुरतं राहिलेलं नाही. सातबारा, धान खरेदीची नोंदणी, शाळेची यू-डायसची माहिती, अंगणवाडीचा पोषण ट्रॅकर असं सगळं काम स्क्रीनवर आलं आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की दाखल्यांसाठी रांग लागते आणि सेतू केंद्रातला ऑपरेटर ती संपेपर्यंत प्लास्टिकच्या खुर्चीवरून हलत नाही. संध्याकाळी मान धरते. मग कुणीतरी सांगतं, ‘अ‍ॅक्युप्रेशर करून बघ.’ सल्ला वाईट नाही, पण त्याला चिकटलेले काही गैरसमज अपाय करू शकतात.

गैरसमज 1 : जितकं जोरात दाबू, तितका लवकर गुण.

वस्तुस्थिती : जोर जास्त झाला की स्नायू सैल पडण्याऐवजी आणखी आखडतो. दुसऱ्या दिवशी ती जागा ठणकते किंवा काळीनिळी पडते. दाब सोसवेल इतकाच हवा, श्वास रोखून धरावा लागेल इतका नको.

कवटीच्या खालच्या कडेला, मानेमागच्या दोन जाड स्नायूंच्या बाहेरच्या बाजूला एकेक खोलगट जागा लागते. दोन्ही अंगठे तिथे टेकवून हलकेच वरच्या दिशेने दाबावं. अर्धा ते एक मिनिट संथ श्वास घ्यावा, मग दाब हळूहळू सोडावा. दुसरी जागा मान आणि खांद्याचं टोक यांच्या मधोमध आहे. ती विरुद्ध हाताच्या मधल्या बोटाने दाबावी. हा खांद्यावरचा बिंदू, तसंच अंगठा आणि तर्जनीच्या मधला बिंदू गरोदरपणात दाबू नये, असं ही पद्धतच सांगते. मानेच्या पुढच्या बाजूला, घशाच्या दोन्ही अंगांना मात्र कधीच दाबू नये. तिथे मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या धमन्या असतात. त्यांच्यावर दाब पडला तर रक्तदाब एकाएकी उतरून घेरी येऊ शकते.

गैरसमज 2 : अ‍ॅक्युप्रेशर म्हणजे नुसते मनाचे खेळ.

वस्तुस्थिती : शरीरातल्या ‘ऊर्जावाहिन्या’ शरीररचनाशास्त्राला सापडलेल्या नाहीत, हे खरं. पण दाबल्यावर बरं वाटतं, हेही तितकंच खरं. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार, स्पर्शाचे आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. आखडलेला स्नायूही थोडा सैल होतो. हा आराम बहुधा थोड्या वेळापुरता असतो.

गैरसमज 3 : रोज दाबलं की मणके जागेवर येतात, स्पॉन्डिलायटिस जातो.

वस्तुस्थिती : बोटांच्या दाबाने मणक्यांची झीज भरून येत नाही. मात्र फोटोत झीज दिसली म्हणून घाबरूनही जाऊ नये. जपानमध्ये मानेचा कसलाच त्रास नसलेल्या 1,211 जणांचा एमआरआय काढला, तेव्हा 87.6 टक्के लोकांच्या मानेतली चकती फुगलेली दिसली. हा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे फोटोतला प्रत्येक बदल दुखण्याचं कारण असतोच असं नाही.

गैरसमज 4 : ‘कट्’ आवाज आला म्हणजे मान मोकळी झाली.

वस्तुस्थिती : हा आवाज सांध्यातल्या द्रवामधल्या वायूचा असतो. कटिंगनंतर सलूनमध्ये मानेला झटका देऊन घेणं अ‍ॅक्युप्रेशर नव्हे. अशा झटक्याने मणक्यांमधून जाणाऱ्या धमनीला चीर पडून पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित घडतं, पण झालेलं नुकसान कायमचं असू शकतं. तेव्हा ‘मान नको’ असं आधीच सांगावं.

गैरसमज 5 : पट्टा लावून मान स्थिर ठेवली की दुखणं थांबतं.

वस्तुस्थिती : डॉक्टरांनी सांगितलेलं नसताना पट्टा दिवसेंदिवस वापरला तर मानेचे स्नायू दुबळे होतात. मानेला हालचाल हवी असते. डेन्मार्कमध्ये मान-खांदे दुखणाऱ्या 198 जणांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रबरी पट्टा ताणून खांद्यांचा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, रोज फक्त 2 मिनिटं करणाऱ्यांचं दुखणंही 10 आठवड्यांत कमी झालं.

गैरसमज 6 : मान दुखते ती बसण्यामुळेच, दाबून बघू.

वस्तुस्थिती : हाताला मुंग्या, बधिरपणा किंवा अशक्तपणा, चालताना तोल जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पडल्यावर सुरू झालेलं दुखणं, यांपैकी काहीही असेल तर दाबत बसू नये. मानेसोबत छाती, जबडा किंवा डावा हात दुखून घाम फुटला तर ते हृदयाचं लक्षण असू शकतं. ताप, डोकेदुखी आणि ताठ मान एकत्र आली तर मेंदूज्वराची शंका घ्यावी लागते. आपल्या जंगलपट्ट्यात तापासोबत मलेरियाची रक्ततपासणीही हवीच. अशा वेळी एक दिवसही न दवडता ग्रामीण रुग्णालय गाठावं, तिथून सांगितलं तर चंद्रपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

मग रोज काय करायचं?

ताठ मानेवर डोक्याचं वजन साधारण पाच किलो असतं. मान 60 अंश झुकली की मानेवरचा भार 27 किलोंपर्यंत जातो, असा संगणकीय प्रतिकृतीवरून काढलेला अंदाज 2014 मध्ये मांडला गेला. म्हणून लॅपटॉपखाली दोन जाड रजिस्टरं ठेवून स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणावी आणि कीबोर्ड वेगळा जोडावा. मोबाइलवर माहिती भरताना कोपर टेबलावर टेकवून मोबाइल वर धरावा. अर्ध्या तासाने एकदा उठावं, खांदे मागे फिरवावेत. दाबून मान जरा मोकळी झाली की लगेच हा व्यायाम करावा, कारण तेव्हा तो सोपा जातो.

हे सारं एकट्या ऑपरेटरवर सोडूनही चालणार नाही. दिवसभर दुसऱ्यांचे दाखले काढून देणाऱ्या माणसाला पाठीला आधार देणारी खुर्ची आणि मधून मधून उठायची मुभा मिळायलाच हवी. ती देणं हे त्याला कामाला बसवणाऱ्याचं कर्तव्य आहे.