स्वयंविमित आरोग्य योजनांवरील वार्षिक शुल्क

स्वयंविमित आरोग्य योजनांवरील वार्षिक शुल्क : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोकरांच्या वैद्यकीय खर्चाची जोखीम विमा कंपनीकडे न सोपविता जे मालक ती स्वतःच पतकरतात, त्यांच्या योजनांवर संघीय शासनाने बसविलेले दरडोई शुल्क. २०१० च्या ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ या अधिनियमान्वये ते सुरू झाले. निरनिराळ्या उपचारांची परस्परांशी तुलना करून त्यांची परिणामकारकता तपासणाऱ्या ‘पेशंट-सेंटर्ड आउटकम्स रिसर्च इन्स्टिट्यूट’ या संस्थेसाठी स्थापन केलेल्या न्यासनिधीत हे शुल्क जमा होते. विमा कंपन्यांनी विकलेल्या आरोग्यविमापत्रांवरही असेच शुल्क आहे. मात्र ते विमा कंपनी भरते. स्वयंविमित योजनेच्या बाबतीत तो भार योजनेच्या पुरस्कर्त्यावर, म्हणजे बहुधा मालकावर पडतो.

स्वयंविमा हा त्या देशात अपवाद नाही. मालकाकरवी आरोग्यसंरक्षण मिळणाऱ्या कामगारांपैकी निम्म्याहून अधिक अशाच योजनांखाली येतात. १९७४ च्या कर्मचारी निवृत्तिउत्पन्न सुरक्षा अधिनियमामुळे (एरिसा) खासगी मालकांच्या या योजना घटक राज्यांच्या विमाविषयक कायद्यांच्या कक्षेबाहेर राहतात. कामगाराच्या हाती विमा कंपनीचे नाव असलेले कार्ड असते. परंतु ती कंपनी पुष्कळदा केवळ दावे तपासून चुकते करणारी व्यवस्थापक असते, पैसा मालकाचा असतो. नेमकी येथेच गफलत होते. शुल्कही ती कंपनीच भरत असेल, असे मालक गृहीत धरतो. वस्तुतः तिऱ्हाईत व्यवस्थापकाला मालकाच्या वतीने हे शुल्क भरता येत नाही. तो फार तर संरक्षित व्यक्तींची संख्या काढून देतो; विवरणपत्र व भरणा मालकाच्याच नावे व्हावा लागतो.

आरंभी, म्हणजे १ ऑक्टोबर २०१२ ते ३० सप्टेंबर २०१३ या काळात संपणाऱ्या योजनावर्षांसाठी, शुल्काचा दर माणशी १ डॉलर व त्यापुढील वर्षी २ डॉलर होता. नंतर तो राष्ट्रीय दरडोई आरोग्यखर्चातील वाढीशी निगडित करण्यात आला. त्यामुळे १ ऑक्टोबर २०२३ ते ३० सप्टेंबर २०२४ या काळात संपलेल्या योजनावर्षांसाठी तो ३.२२ डॉलर आणि त्यापुढील बारा महिन्यांत संपलेल्या योजनावर्षांसाठी ३.४७ डॉलर झाला. योजनावर्ष ज्या पंचांगवर्षात संपते, त्याच्या पुढील वर्षाच्या ३१ जुलैपर्यंत भरणा करावा लागतो. यामुळे एक चमत्कारिक स्थिती निर्माण होते : जानेवारी २०२४ मध्ये संपलेल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये संपलेल्या अशा दोन्ही योजनांची मुदत ३१ जुलै २०२५ हीच असली, तरी त्यांचे दर भिन्न असतात. भरणा संघीय उत्पादन शुल्काच्या त्रैमासिक विवरणपत्राबरोबर (प्रपत्र क्रमांक ७२०) होतो. हे प्रपत्र मुख्यतः इंधन, विमानप्रवास यांसारख्या गोष्टींवरील करांसाठी असल्याने ज्या मालकाचा अशा करांशी कधी संबंध आला नाही, त्याला त्याची आठवणही राहत नाही. अशा मालकाने ते वर्षातून एकदाच, दुसऱ्या तिमाहीसाठी, भरावयाचे असते.

दर क्षुल्लक असला, तरी माणसे मोजण्याचे काम तितके सोपे नाही. संख्या नोकरांची नव्हे, तर संरक्षण मिळणाऱ्या सर्व व्यक्तींची, म्हणजे पती, पत्नी व मुले यांचीही, धरावयाची असते. निवृत्त कर्मचारी आणि नोकरी सुटल्यावरही कायद्याने संरक्षण चालू ठेवलेले लोक यांनाही वगळता येत नाही. वर्षभराची सरासरी काढण्याच्या तीन पद्धतींना मान्यता आहे. पहिलीत प्रत्येक दिवसाची संख्या घेऊन वर्षातील दिवसांनी भागतात. दुसरीत प्रत्येक तिमाहीतील ठराविक दिवसांची संख्या घेतात; कुटुंबासह संरक्षण घेणाऱ्या नोकराची माणसे प्रत्यक्ष न मोजता त्याच्यामागे २.३५ व्यक्ती धरण्याची मुभाही तीत आहे. तिसरीत, कामगार खात्याकडे पाठवावयाच्या वार्षिक विवरणपत्रातील (प्रपत्र क्रमांक ५५००) वर्षारंभीच्या व वर्षअखेरच्या सहभागी नोकरांची बेरीज घेतात. योजना केवळ नोकरांपुरतीच असेल, तर त्या बेरजेची निमपट करतात. उदा., एका योजनेत वर्षभर सरासरी ४० नोकर एकटे आणि ६० कुटुंबासह आहेत, वर्षारंभी ९८ व वर्षअखेरीस १०२ सहभागी आहेत, असे मानल्यास दुसऱ्या पद्धतीने १८१ आणि तिसऱ्या पद्धतीने २०० व्यक्ती येतात. ३.४७ डॉलर दराने अनुक्रमे ६२८.०७ व ६९४ डॉलर शुल्क होते. तिसरी पद्धत सोयीची असली, तरी प्रपत्र ५५०० शुल्काच्या मुदतीपूर्वी दाखल झालेले असावे लागते. त्यासाठी वाढीव मुदत घेणाऱ्या मालकाला ती उपयोगी पडत नाही. एका योजनावर्षात एकच पद्धत वापरावी लागते. पुढच्या वर्षी ती बदलता येते.

लहान मालकांची चूक बहुधा दुसऱ्याच ठिकाणी होते. विमा कंपनीकडून समूहविमा विकत घेऊन त्याच्या जोडीला मालकाने नोकरांच्या किरकोळ वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती करणारे खाते उघडले, की तेवढ्यापुरता तो स्वयंविमित योजनेचा पुरस्कर्ता ठरतो. अशा वेळी विमापत्रावरील शुल्क कंपनी भरते व प्रतिपूर्ती खात्यावरील मालक. म्हणजे त्याच नोकरामागे दोनदा भरणा होतो. मात्र खात्यासाठी केवळ नोकर मोजावयाचा असतो, त्याचे कुटुंब नव्हे. स्वतंत्र दंत व नेत्र योजना, आरोग्य बचत खाती आणि मुख्यतः परदेशी राहून काम करणाऱ्या नोकरांसाठीच्या योजना शुल्कमुक्त आहेत. मेडिकेअर, मेडिकेड हे शासकीय कार्यक्रमही त्यातून वगळले आहेत. परंतु राज्य शासन किंवा चर्च मालक या नात्याने आपल्या नोकरांसाठी जी योजना चालविते, तिला सूट नाही.

कामगारांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब म्हणजे शुल्काचा पैसा कोठून यावा ही होय. शुल्क हे योजनेवरील नव्हे, तर पुरस्कर्त्यावरील दायित्व असल्याने ते सामान्यतः योजनेच्या निधीतून देता येत नाही. त्या निधीत नोकरांच्या वर्गणीचाही अंश असतो आणि त्याचा विनियोग त्यांच्या उपचारांसाठीच व्हावयाचा असतो. निधीतून शुल्क भरल्यास होणारा विश्वस्तकर्तव्याचा भंग हा शुल्क चुकविण्यापेक्षा अधिक गंभीर ठरू शकतो. अनेक मालकांनी मिळून चालविलेल्या योजनांत संयुक्त विश्वस्त मंडळाला निधीव्यतिरिक्त दुसरे उत्पन्न नसते, म्हणून तेथे अपवाद केलेला आहे. मालकाला आपल्या प्राप्तिकरात मात्र हा खर्च वजा करता येतो.

या शुल्कासाठी वेगळी शिक्षा नाही. वसुलीपुरते ते कर मानले जात असल्याने सर्वसाधारण तरतुदी लागू होतात : विवरणपत्रास विलंब झाल्यास थकीत रकमेच्या दरमहा ५ टक्के व भरण्यास विलंब झाल्यास दरमहा ०.५ टक्का दंड, दोहोंची कमाल मर्यादा प्रत्येकी २५ टक्के. सबळ कारण दाखविल्यास दंड माफ होऊ शकतो.

मुळात हे शुल्क ३० सप्टेंबर २०१९ नंतर संपणाऱ्या योजनावर्षांना लागू नव्हते. २० डिसेंबर २०१९ रोजी संमत झालेल्या खर्चविषयक अधिनियमाने ते दहा वर्षांनी वाढविले. तोवर अनेक मालकांनी शुल्क संपले असे समजून गणना थांबविली होती. म्हणून त्या संक्रमणकालीन वर्षापुरती कोणतीही वाजवी पद्धत वापरण्याची सवलत २०२० मध्ये देण्यात आली. सध्याच्या तरतुदीनुसार १ ऑक्टोबर २०२९ पूर्वी संपणाऱ्या योजनावर्षांपर्यंत शुल्क चालू राहील. त्यांतील शेवटच्या योजनांचा भरणा ३१ जुलै २०३० पर्यंत करावा लागेल.